सामायिक फाइल आणि तिच्यात दडलेली आज्ञा

फाइल-सहकार्याच्या प्रणालींचा, म्हणजे अनेकांनी मिळून दस्तऐवज साठवावेत, पाहावेत, सुधारावेत आणि एकमेकांच्या हवाली करावेत यासाठी उभारलेल्या संगणकीय व्यवस्थांचा, सारा व्यवहार एका गृहीतकावर चालतो: एका सदस्याने चढवलेला दस्तऐवज दुसऱ्याने विनासंकोच उघडावा. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, ओनक्लाउड आणि त्यातून २०१६ साली वेगळे झालेले नेक्स्टक्लाउड या प्रणालींचे अंतरंग एकमेकांपासून बरेच भिन्न असले, तरी या बाबतीत त्या सारख्याच आहेत. आणि ‘स्टोअर्ड क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ या नावाने ओळखला जाणारा दोष नेमका याच गृहीतकाचा आधार घेतो. दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालेल अशी आज्ञा एखाद्याने सर्व्हरवर माहितीच्या रूपात साठवून ठेवायची आणि ती माहिती जो कोणी पाहील त्याच्या अधिकाराने ती आज्ञा अमलात यायची, असे या दोषाचे थोडक्यात स्वरूप आहे.

त्याचे मूळ ब्राउझरच्या घडणीत आहे. १९९५ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर जावास्क्रिप्ट ही भाषा आणली, आणि तोवर केवळ वाचण्याजोगे असलेले वेबपान स्वतः काही करू शकेल अशी सोय झाली. एका संकेतस्थळाच्या आज्ञांनी दुसऱ्या संकेतस्थळावरील माहितीत हात घालू नये म्हणून त्याच काळात ‘समान उगमा’चे धोरण स्वीकारले गेले. उगम म्हणजे संपर्काचा नियम, यजमान संगणकाचे नाव आणि द्वारक्रमांक या तिघांचा संयोग. हे तिन्ही जुळले तरच ब्राउझर दोन पानांना एकमेकांच्या अंतर्भागात जाऊ देतो. ही तटबंदी भक्कम आहे, परंतु ती परक्या उगमापासून रक्षण करते. संकेतस्थळाने स्वतःच्याच उगमातून परक्याने लिहिलेली आज्ञा पाठवली, तर ब्राउझरला ती परकी आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. २ फेब्रुवारी २००० रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट समन्वय केंद्राने या धोक्याविषयी इशारा प्रसिद्ध केला, त्यानंतर तो सर्वत्र ओळखला जाऊ लागला; तरीही मायटर संस्थेच्या सर्वाधिक धोकादायक सॉफ्टवेअर-उणिवांच्या २०२४ सालच्या यादीत हीच उणीव पहिल्या क्रमांकावर होती. चोवीस वर्षे माहीत असलेला रोग हटत नाही, याचा अर्थ औषध अज्ञात आहे असा नसून ते प्रत्येक ठिकाणी न चुकता द्यावे लागते असा आहे.

या दोषाचा एक प्रकार क्षणिक असतो: फसव्या दुव्यातली आज्ञा सर्व्हर उत्तरात तशीच परत पाठवतो, आणि तो दुवा दाबणाऱ्यालाच तिची बाधा होते. साठवलेल्या प्रकारात कोणालाही दुवा दाबायला लावावे लागत नाही. आज्ञा तेथेच मुक्कामाला असते आणि नित्याच्या कामासाठी येणारा प्रत्येक जण तिच्या तडाख्यात सापडतो. हा प्रकार किती वेगाने फैलावू शकतो हे ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर दिसले. सॅमी कामकार या तरुणाने स्वतःच्या परिचयपानात अशी आज्ञा ठेवली, की पान पाहणाऱ्याच्या खात्यातून सॅमीला मैत्रीची विनंती जाई आणि ती आज्ञा पाहणाऱ्याच्या पानातही उतरे. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खाती तिच्या कवेत आली. मायस्पेसची गाळणी ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द हुडकून काढून टाकत असे, म्हणून त्याने तो शब्द मध्येच ओळ तोडून लिहिला. गाळणीला तो शब्द ओळखू आला नाही, काही ब्राउझरांनी मात्र तो जोडून वाचला. घातक शब्दांची यादी करून गाळण्याचा उपाय का फसतो, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

फाइल-सहकार्याच्या प्रणालीत अशा आज्ञेला शिरायला दोन वाटा असतात. पहिली वाट फाइलच्या भोवतालच्या मजकुराची आहे: फाइलचे नाव, फोल्डरचे नाव, टिप्पणी, खूणशब्द, चढवणाऱ्याचे प्रदर्शित नाव. यांपैकी फाइलच्या नावाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वेबपानाच्या भाषेत आज्ञेची सुरुवात आणि शेवट दाखवण्यासाठी जी कोनचिन्हे वापरली जातात, ती विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालतच नाहीत. त्यामुळे विंडोजवर काम करणाऱ्या प्रोग्रामरला असे नाव असलेली फाइल सहजी तयार करता येत नाही आणि तशी फाइल कोणी चढवील ही शक्यता त्याच्या मनाला शिवत नाही. लिनक्समध्ये मात्र तिरपी रेघ आणि शून्य-अक्षर वगळता कोणतेही चिन्ह नावात चालते, आणि आक्रमकाला तर प्रत्यक्ष फाइलचीही गरज नसते, कारण तो सर्व्हरकडे जाणारी विनंतीच हाताने रचून तीत हवे ते नाव घालू शकतो. शिवाय हे नाव एकाच ठिकाणी दिसत नाही. ते फोल्डरच्या यादीत येते, शोधाच्या निकालात येते, कचरापेटीत, जुन्या आवृत्त्यांच्या तक्त्यात, ‘अमुक फाइल आपल्याशी सामायिक केली आहे’ या सूचनेत आणि प्रशासकाच्या नोंदवहीतही येते. यांतल्या दहा ठिकाणी काळजी घेतली आणि अकरावे ठिकाण राहून गेले, तर घेतलेली सारी काळजी वाया जाते. आणि ते अकरावे ठिकाण पुष्कळदा प्रशासकाच्या बाजूचे असते, कारण तेथे केवळ घरचीच माणसे येतात अशी समजूत असते. सर्वांत कमी अधिकार असलेल्या पाहुण्या खात्याने ठेवलेली आज्ञा सर्वाधिक अधिकार असलेल्या व्यक्तीच्या पडद्यावर चालते, ती अशा रीतीने.

दुसरी वाट फाइलच्या पोटातून जाते. वेबपानाच्या स्वरूपातील फाइल धोकादायक असते हे उघडच आहे, परंतु चित्र म्हणून वावरणाऱ्या एसव्हीजी फाइलींकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. २००१ साली डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्यता दिलेले हे स्वरूप रंगीत ठिपक्यांचे नसून लिखित रेखांचे आहे, आणि त्या लेखनात जावास्क्रिप्ट अंतर्भूत करण्याची रीतसर सोय आहे. हे चित्र वेबपानात चित्र म्हणून बसवले तर ब्राउझर त्यातील आज्ञा चालवत नाही. तेच चित्र स्वतंत्र पान म्हणून उघडले तर चालवतो. म्हणजे लघुचित्रे दाखवणारा भाग निर्धोक असूनही ‘नव्या खिडकीत पाहा’ हे बटण घातक ठरू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राउंडक्यूब या टपाल-सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजीचाच आश्रय घेतलेला असा दोष उघड झाला. युरोपातील सरकारी कार्यालयांवर त्याचा प्रत्यक्ष वापर झाला होता, आणि पत्र नुसते पाहणे बाधेसाठी पुरेसे होते.

फाइल कोणत्या प्रकारची आहे याविषयी सर्व्हरचे म्हणणे न मानता आतील मजकूर हुंगून प्रकार ठरवण्याची सवय जुन्या ब्राउझरांना होती, त्यामुळे साध्या मजकुराची म्हणून ठेवलेली फाइलही वेबपान होऊन उघडे. ती सवय मोडण्यासाठी सर्व्हरने पाठवायची ‘नो-स्निफ’ ही सूचना इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीपासून उपलब्ध झाली. मात्र प्रकार अचूक ओळखल्यानेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. मोझिलाच्या पीडीएफ.जेएस या पीडीएफ-वाचकात मे २०२४ मध्ये जो दोष जाहीर झाला, तो अक्षरवळणाच्या मोजमापांत होता: जेथे केवळ आकडे असावेत तेथे मजकूर आला तरी तो तपासला जात नसे, आणि पुढे तोच मजकूर चालू आज्ञेत विणला जाई. फायरफॉक्सच्या १२६व्या आवृत्तीत तो बुजवला गेला. पण हा वाचक अनेक वेब-प्रणालींनी आपल्या पूर्वदृश्यासाठी स्वतःच्या उगमात बसवून घेतलेला असतो, आणि ब्राउझर अद्ययावत झाल्याने ती बसवलेली प्रत आपोआप सुधारत नाही.

हानीच्या स्वरूपाविषयीही एक गैरसमज रूढ आहे. आक्रमक लॉगिनचे कुकी-चिन्ह पळवतो, तेव्हा ते जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये अशी ‘एचटीटीपी-ओन्ली’ खूण केली की काम भागले, असे मानले जाते. ही खूण आवश्यक आहे, पुरेशी नाही, कारण आज्ञा जर पीडिताच्याच ब्राउझरमध्ये, त्याच्याच चालू सत्रात वावरत असेल, तर किल्ली पळवण्याची गरज काय? ती त्याच्या नावाने फोल्डरचा सार्वजनिक दुवा निर्माण करू शकते, वाटपाचे अधिकार बदलू शकते, प्रशासक पाहत असेल तर नवे प्रशासक-खाते उघडू शकते. आणि सर्व्हरच्या नोंदीत ही सारी कृत्ये त्या निरपराध व्यक्तीचीच म्हणून उतरतात. ज्या कर्मचाऱ्याने फक्त एक यादी उघडली, त्याच्यावर गोपनीय कागद फोडल्याचा ठपका येऊ शकतो, ही गोष्ट हानीच्या हिशेबात सहसा धरली जात नाही, आणि ती धरली गेलीच पाहिजे.

प्रतिबंधाचा पहिला नियम असा, की मजकूर आत घेताना कापू नये, बाहेर दाखवताना निरुपद्रवी करावा. कोनचिन्हांच्या जागी त्यांचे सांकेतिक पर्याय लिहिले, की ब्राउझर ती चिन्हे दाखवतो पण आज्ञा म्हणून वाचत नाही. यालाच एस्केपिंग म्हणतात. याउलट ‘फक्त इंग्रजी अक्षरे आणि आकडे चालतील’ अशी आतल्या दारावरची गाळणी देवनागरी नावांचा बळी घेते. अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकणारी गाळणी तर अधिक सूक्ष्म नुकसान करते, कारण मराठीतील अर्धा ‘र’ पुष्कळदा अशाच एका अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने लिहिलेला असतो, आणि ते चिन्ह गेले की ‘दर्‍या’ नावाच्या फोल्डरचे ‘दर्या’ होते. सुरक्षेसाठी भाषेची मोडतोड अपरिहार्य आहे असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तो तांत्रिक निरुपाय नसून आळस असतो.

दुसरा नियम पोटातल्या आज्ञेसाठी आहे: सदस्यांच्या फाइली मुख्य प्रणालीच्या उगमातून देऊच नयेत. गूगल, गिटहब आणि ड्रॉपबॉक्स या तिन्ही सेवा वापरकर्त्यांचा मजकूर ‘युजरकंटेंट’ हा शब्द नावात असलेल्या स्वतंत्र पत्त्यांवरून देतात. तेथे आज्ञा चाललीच तरी तिच्यासमोर रिकामे घर असते, कारण सत्राची चिन्हे त्या उगमात नसतात. एखाद्या महाविद्यालयाने किंवा पतसंस्थेने स्वतःच्या सर्व्हरवर प्रणाली बसवली असेल, तर दुसरा पत्ता घेणे आणि सांभाळणे तिला जड जाते. अशा वेळी फाइल ब्राउझरमध्ये न उघडता उतरवूनच घ्यावी अशी सूचना, ‘नो-स्निफ’, आणि पानात कोणत्या आज्ञा चालाव्यात हे ठरवणारे ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हे धोरण, त्यातही पानाला बंदिस्त करणारे त्याचे ‘सँडबॉक्स’ कलम, यांचा आधार घेता येतो. या व्यवस्था प्रणाली बनवणाऱ्याने मुळातच चालू ठेवून द्यायला हव्यात. अनोळखी फाइल उघडू नका हा उपदेश येथे गैरलागू आहे, कारण सहकाऱ्याने पाठवलेली फाइल उघडणे हेच येथे माणसाचे काम आहे, आणि काम केल्याबद्दल त्याला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे.

दुरुस्तीनंतरचा टप्पा बहुधा घाईत उरकला जातो. दोष केवळ आत घेण्याच्या दारावर बुजवला असेल, तर आधी साठलेल्या फाइली, त्यांच्या जुन्या आवृत्त्या आणि राखीव प्रती तशाच राहतात, आणि राखीव प्रतीतून फोल्डर पूर्ववत केले की आज्ञाही पूर्ववत होते. दाखवण्याच्या जागी केलेली दुरुस्ती मात्र जुन्या-नव्या सर्वांना लागू पडते. तरीही जी आज्ञा दुरुस्तीपूर्वीच चालून गेली असेल, तिने निर्माण केलेले सार्वजनिक दुवे, वाढवलेले अधिकार आणि उघडलेली खाती कोणत्याही नव्या आवृत्तीने मिटत नाहीत. ती एकेक करून तपासावी लागतात, चालू सत्रे बंद करून सर्वांना पुन्हा लॉगिन करायला लावावे लागते, आणि ज्या दिवशी ती फाइल प्रथम चढवली गेली त्या दिवसापासूनच्या नोंदी पुन्हा वाचाव्या लागतात.