संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचावा
(दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड येथे शेतकऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



पाकिटावर पत्ता लिहिताना आपण आधी दिंद्रुड, मग माजलगाव, मग बीड लिहितो. टपाल लावणारा मात्र आधी जिल्हा पाहतो आणि गाव शेवटी. इंटरनेटवरील संकेतस्थळाच्या पत्त्याला डोमेन नाव म्हणतात. तेही असेच शेवटाकडून वाचावे.

सौर कृषिपंपाचेच पाहा. कुसुम योजना 2019 साली आली आणि तिच्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली. नोंदणीच्या नावाखाली पैसे उकळले जाऊ लागले, तेव्हा केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने जाहीर सूचना काढल्या. त्यांत 'पीएमकिसानकुसुमयोजना डॉट को डॉट इन' हे एक नाव होते. ऐकायला अगदी सरकारी! खरे स्थळ 'पीएमकुसुम डॉट एमएनआरई डॉट गव्ह डॉट इन' हे आहे. दोन्हींच्या शेवटी 'इन', म्हणजे भारत. फरक त्याच्या अलीकडच्या शब्दात आहे. 'गव्ह डॉट इन' फक्त शासकीय यंत्रणांना मिळते. 'को डॉट इन' कोणीही पैसे भरून घेऊ शकतो. पत्त्यात मध्येच एकेरी तिरकी रेघ आली तर तिच्या आधीचाच भाग धरावा. रेघेपुढे किंवा नावाच्या सुरुवातीला 'गव्ह' घालणे ठकाला अवघड नाही.

'इन' नावांची मूळ नोंदवही निक्सी ही संस्था ठेवते. अशा संस्थेला रजिस्ट्री म्हणतात. ग्राहकाला नाव देणारा तो रजिस्ट्रार. नाव कायमचे मिळत नाही. ठोक्याने घेतलेल्या रानासारखी त्याला मुदत असते, आणि ती संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. आपल्या उत्पादक कंपनीसाठी नाव घ्याल तर नोंद कंपनीच्याच नावे करावी. संगणकवाल्याच्या नावे केली, तर सातबारा त्याच्या नावे करून दिल्यासारखेच झाले.

मात्र प्रत्येक खऱ्या स्थळाला 'गव्ह' असतेच असे नाही. महावितरणचे स्थळ 'महाडिस्कॉम डॉट इन' आहे. म्हणून मोबाईलवर आलेल्या संदेशातील दुव्यावर बोट ठेवू नये. वीजबिलावर छापलेला पत्ता पाहून स्वतः टाइप करावा.

पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.