नगरभवनाचा आराखडा कोठून सुरू व्हावा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



नगरपालिकेची जुनी इमारत पाडून नवी बांधावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. छत गळते, दप्तर ठेवावयास जागा उरलेली नाही, म्हणून नवी इमारत अपरिहार्य आहे, असे अधिकारी सांगतात. ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येते तेथे कोट्यवधींचा महाल कशाला, असे विरोधक विचारतात. दोन्ही बाजूंनी भाषणे होतात, ठराव संमत होतो, निविदा निघते आणि आराखडा मात्र नागरिकांनी पाहिलेलाच नसतो. समाजवादी कार्यकर्त्याने या वादात नुसता होकार किंवा नुसता नकार देऊन भागणार नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त शोभेवर एक हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावास त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. भाजीबाजाराच्या भव्य इमारतीसही त्यांनी याच भूमिकेतून हरकत घेतली. ती इमारत 1886 मध्ये पुरी झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. एके काळी नगरपालिकेचे कार्यालयही त्याच वास्तूत होते. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. ज्याने खर्चाला विरोध केला त्याचेच नाव अखेर त्या दगडावर कोरले गेले!

यावरून फुल्यांना इमारतींचेच वावडे होते, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत असत. चुना, दगड आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांचा आक्षेप अग्रक्रमाला होता. सार्वजनिक पैशातून उभे राहणारे काम प्रथम कोणाच्या उपयोगी पडणार, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येक नव्या नगरभवनाला हाच प्रश्न विचारला पाहिजे.

जुनी वास्तू म्हणजे टाकाऊ वास्तू, हे समीकरणही तपासून घ्यावयास हवे. मुंबई महापालिकेची फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेली इमारत 1893 मध्ये पूर्ण झाली. कारभार वाढला तेव्हा तिच्याशेजारी विस्तारित इमारत उभी राहिली, मूळ वास्तू पाडावी लागली नाही. साम्राज्याच्या वैभवाची साक्ष म्हणून बांधलेल्या या वास्तूतील महापालिकेवर 1961 मध्ये मृणाल गोरे निवडून आल्या. गोरेगावच्या वस्त्यांमधील रिकामे हंडे त्यांनी महापालिकेच्या कारभाराचा विषय बनवले आणि जनतेने त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. वास्तूचे चारित्र्य तिच्या घुमटावरून ठरत नाही, तिच्यात कोणाचा आवाज पोहोचतो यावरून ठरते, याचा हा वस्तुपाठ होय.

याची दुसरी बाजू पुण्याने दाखवली. जून 2018 मध्ये पुणे महापालिकेच्या शिवाजीनगर येथील नव्या विस्तारित इमारतीचे उद्‌घाटन उपराष्ट्रपतींच्या हस्ते झाले. बाहेर पाऊस पडत होता आणि समारंभ चालू असतानाच नव्या सभागृहाचे छत गळू लागले. वृत्तपत्रांनी त्यावर पुष्कळ लिहिले, लोक हसले. परंतु गळके छत दुरुस्त करता येते. त्याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुंबईसह राज्यातील इतर अनेक शहरांची गत हीच झाली. सभागृहे होती, आसने होती, फक्त जनतेने निवडलेले सदस्य नव्हते. कोट्यवधींची अंदाजपत्रके अशा काळात चर्चेवाचून मंजूर झाली. लोकशाही नसेल तर नगरभवन हे केवळ कचेरीचे दुसरे नाव उरते.

म्हणून आराखडा महापौरांच्या दालनापासून सुरू होता कामा नये. तो खिडकीपासून सुरू व्हावा. जन्माचा दाखला, पाणीपट्टी, फेरीवाल्याचा परवाना यांसाठी जो माणूस दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभा राहतो, त्याला बसावयास बाक, प्यावयास पाणी आणि स्त्रियांना स्वच्छतागृह हे आराखड्याचे पहिले पान असले पाहिजे. अपंगांना चाकाच्या खुर्चीवरून सभागृहापर्यंत जाता आले पाहिजे. 2016 च्या कायद्याने तो त्यांचा हक्क आहे. पहाटे शहर झाडणाऱ्या सफाई कामगाराला अंग धुण्याची व कपडे बदलण्याची जागा मिळाली पाहिजे, मग तो कायम असो की कंत्राटी. आणि सभेचे कामकाज पाहण्यासाठी प्रेक्षकांचा सज्जा ऐसपैस असला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी काही मागण्या आताच लावून धराव्यात. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी करण्याची सक्ती महापालिका नागरिकांवर करते. तिने स्वतःच्या इमारतीचा तसा अहवाल आधी प्रसिद्ध करावा, म्हणजे दुरुस्ती पुरेशी आहे की नवे बांधकाम हवे, हे पुराव्याने ठरेल. माहिती अधिकार कायदा 2005 मध्ये संमत झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार आराखडा, अंदाजित खर्च व निविदा मागणीची वाट न पाहता जनतेपुढे ठेवाव्यात. नगरभवनाची मोक्याची जमीन खाजगी विकासकाच्या हवाली करून त्या बदल्यात ‘फुकट’ इमारत घेण्याचा मोह टाळावा. ती जमीन पुढच्या पिढ्यांची आहे. आणि 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या आहेत, त्यांच्या कार्यालयांना आधी सुस्थितीत आणावे. साधी तक्रार घरापासून दहा मिनिटांवर निकालात निघाली, तर मुख्य इमारत आपोआप लहान आणि स्वस्त होईल.

या मागण्या मान्य झाल्यास नव्या नगरभवनाला विरोध करण्याचे कारण उरत नाही. समाजवाद्यांनी सार्वजनिक वास्तूंचा तिरस्कार कधीच केलेला नाही. श्रमिकाला स्वतःच्या घरी जे मिळत नाही, ते ऐसपैस छत, उजेड आणि मान त्याला निदान सार्वजनिक घरात तरी मिळाले पाहिजे. मात्र त्या घराची किल्ली त्याच्याच हाती असली पाहिजे. पायाचा दगड कोणाच्या हस्ते बसवला, हे पाटीवर लिहिले जाईलच. पहिल्या दिवशी त्या खिडकीपाशी उभा राहणारा माणूस ताठ मानेने बोलू शकतो की नाही, हे पाहण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.