अमेरिका : वैभव आणि विवेक

(समाजाच्या जळगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला 'अमेरिका' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारले, "समाजाच्या मेळाव्यात सातासमुद्रापलीकडच्या देशाची कथा कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचे एक उत्तर सर्वांस ठाऊक आहे. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांचा मुलगा, लेक, सून वा जावई आज त्या देशात आहे. दुसरे उत्तर त्याहून जुने आहे. आपल्या खानदेशचे अमेरिकेशी नाते दीडशे वर्षांहून अधिक काळाचे असून ते कापसाच्या धाग्याने जोडले गेले आहे.

1861 साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण या दोन भागांत यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि तो पुरवठा तुटला. गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात भाव तिप्पट-चौपट झाले. मुंबईत पैशाचा पूर आला, आणि त्या पुराचे पाणी खानदेशातही पोहोचले. याच सुमारास आगगाडी सह्याद्री ओलांडून इकडे येत होती. जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली ती या काळात.

परंतु 1865 साली युद्ध थांबले आणि भाव कोसळले. मुंबईत पेढ्या व बँका बुडाल्या. जळगावच्या पेठेसही जबर तडाखा बसला. तेजीच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढले, त्यांचे कर्ज तेवढे उरले. जेथील एकही माणूस आपण पाहिला नाही, अशा भूमीवरील घटनेने आपल्या शेतकऱ्यास वर चढविले आणि खाली आपटले.

हा अनुभव जुना झाला, असे कोणी समजू नये. 1956 साली झालेल्या करारानुसार अमेरिकेचा गहू आपल्याकडे येऊ लागला आणि टंचाईच्या काळात रेशनच्या दुकानांतून तो आपण खाल्ला. 1971 च्या डिसेंबरात, बांगलादेशाच्या युद्धप्रसंगी, त्याच अमेरिकेने आपले आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडले. 2008 साली तिने आपल्याशी अणुकरार केला. आणि 2025 च्या ऑगस्टात भारतीय मालावरील जकात 50 टक्क्यांपर्यंत चढविली. त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापड उद्योगास दिलासा म्हणून कापसावरील 11 टक्के आयातकर काही काळापुरता उठविला, आणि कापूस पिकविणाऱ्यांत भावाची चिंता पसरली. तात्पर्य असे की, बलाढ्य राष्ट्र आपल्या हितास जपून चालते. त्यास देव मानून भजू नये आणि दैत्य मानून शिव्याही देऊ नयेत. त्यास नीट ओळखावे.

ते ओळखावयाचे तर त्याच्या घरात डोकावले पाहिजे. ज्या कापसाने ते राष्ट्र धनवान झाले, तो वेचणारे हात गुलामांचे होते. 1860 च्या शिरगणतीत तेथे 39 लाखांहून अधिक माणसे गुलाम म्हणून नोंदलेली आहेत. त्यांची खरेदी-विक्री होई आणि आईपासून लेकरू तोडले जाई. स्वातंत्र्य व समता यांची घोषणा करून जन्मास आलेल्या राष्ट्राने हे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालू दिले. हे पाप धुण्यास सहा लाखांहून अधिक सैनिकांचे प्राण खर्ची पडले. 1865 साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली. पण शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा, ही रीत पुढे जवळजवळ शंभर वर्षे राहिली. वेगळ्या शाळांविरुद्ध तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो 1954 साली, आणि नागरी हक्कांचा कायदा झाला तो 1964 साली.

आपल्या महाराष्ट्रातील थोर माणसांनी हे सर्व डोळसपणे पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. ज्या युद्धाने आपल्या पेठेस पैसा दिला, त्याच युद्धात जोतीरावांना माणसाची सुटका दिसली! पंडिता रमाबाई 1886 साली तेथे गेल्या आणि परतल्यावर त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला; त्यात स्तुती आहे, तसे दोषदिग्दर्शनही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले आणि 1946 साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला. एकाचे दुःख दुसऱ्यास कळावे, यासाठी सात समुद्र आड येत नाहीत.

आता एक वेगळी कथा सांगतो. ती ऐकावयास कडू आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद नावाचे पंजाबी गृहस्थ तेथील नागरिकत्व मागत होते. त्या काळी गोऱ्यांस नागरिक होता येई. 1923 साली त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा की, आम्ही उच्च जातीचे, आर्य रक्ताचे आहोत. तुम्ही जसे कृष्णवर्णीयांशी सोयरीक करीत नाही, तसे आम्हीही खालच्यांशी करीत नाही. न्यायालयाने हा दावा फेटाळला. पुढे अनेक हिंदी लोकांचे मिळालेले नागरिकत्वही हिरावले गेले. जातीचा ताम्रपट घेऊन दारी गेलेल्यास ते दार उघडले नाही.

मग उघडले कसे? 1946 च्या कायद्याने वर्षास अवघ्या 100 हिंदी माणसांपुरती फट पडली. खरे दार उघडले 1965 साली, आणि तेथील कृष्णवर्णीय जनतेच्या चळवळीने समतेचे जे वारे वाहू लागले होते, त्यानेच ते उघडले. बंधूंनो, आपला डॉक्टर मुलगा, आपली इंजिनिअर लेक ज्या वाटेने गेली, ती वाट कोणाच्या पायांनी मळली आहे, याचे स्मरण ठेवा.

हे स्मरण सुटले की काय होते, तेही पाहा. 2023 च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. अमेरिकेतील शहरांत ही पहिलीच. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, पण राज्यपालांनी ते नाकारले. त्या वादात दोन्ही बाजूंनी आपलीच माणसे होती. कायदा हवा की नको, याविषयी मतभेद असू शकतील. परंतु असा प्रश्न तेथे उपस्थित व्हावा, याचा अर्थ आपण सामानाबरोबर काहीतरी येथून नेले आहे, हा होय.

आपली ही संस्था एका जातीची आहे, हे मी विसरलेलो नाही. गरीब विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती देणे, विधवेस आधार देणे, विवाहातील खर्च आटोक्यात आणणे, ही कामे तिने करावीत आणि अधिक जोमाने करावीत. जवळच्याला हात देणे हा दोष नव्हे. परंतु एकास हात देताना दुसऱ्यास कोपर लागता कामा नये. आपल्या शिष्यवृत्तीच्या निधीत दरसाल एक जागा समाजाबाहेरील गरजू मुलासाठी ठेवावी, अशी सूचना मी नम्रपणे मांडतो आणि त्यासाठी माझा यथाशक्ति वाटा आजच चिटणिसांच्या स्वाधीन करतो.

अमेरिकेपासून वैभव कसे मिळवावे हे शिकण्यास आपली मुले गेलीच आहेत. आपल्याच घरातील अन्याय उघड बोलून दाखविणारी माणसे त्या राष्ट्रात प्रत्येक पिढीत निपजली, आणि उशिरा का होईना, राष्ट्रास ती ऐकावी लागली. एवढा विवेक आपण घेतला, तर कापसाच्या त्या जुन्या धाग्याचे चीज झाले असे मी म्हणेन.