नमुना आणि प्रकार : यंत्राला मराठी ऐकवताना

(अकादमीच्या चर्चासत्रात दिलेल्या भाषणाची संपादित संहिता)



साहित्याच्या प्राध्यापकाने संगणकातील तक्त्यांविषयी बोलायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटले असेल. मी प्रोग्रॅम लिहीत नाही. पण एका कामात माझ्या हातून चूक झाली आणि तिच्यामुळे काही माणसांच्या प्रश्नांची विधाने झाली. ती चूक भाषेच्या अभ्यासकांनी ऐकावी, असे वाटते.

होळकरांच्या काळापासून इंदुरात राहिलेल्या मराठी घरांतील वृद्धांच्या आठवणी आम्ही ध्वनिमुद्रित करीत होतो. बोलण्याची लय तपासण्यासाठी प्रत्येक मुद्रणाचा एक तक्ता केला. दर १० मिलिसेकंदांना एक ओळ. तिच्यात वेळ, आवाजाची पट्टी आणि तीव्रता. म्हणजे सेकंदाला १०० ओळी. मॅटलॅब या प्रणालीत २०१६ पासून अशा तक्त्याला ‘टाइमटेबल’ म्हणतात. आपल्याला तासिकांचे वेळापत्रक आठवते, म्हणून मी त्याला ‘कालांकित तक्ता’ म्हणतो. यात वेळ हा इतरांसारखा एक रकाना नसतो. ती प्रत्येक ओळीची ओळख असते.

विद्यार्थ्यांनी मॅटलॅबमध्ये लिहिलेली रीत एका छोट्या यंत्रावर चालवायची होती. त्यासाठी तिचे सी भाषेतील रूपांतर आपोआप करून देणारे साधन आहे. अडचण इथे येते. मॅटलॅब स्वभावाने सैल आहे. समोर येईल ते पाहून ते काम चालवते. सी भाषेला मात्र येणारी वस्तू कोणत्या प्रकारची, केवढी, हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून रूपांतराच्या वेळी आपण यंत्राला तक्त्याचा ‘प्रकार’ सांगायचा असतो.

तो सांगायची सोपी वाट म्हणजे एखादा नमुना पुढे करणे. इलेक्ट्रॉनिक्स विभागातील सहकाऱ्यांनी माझ्याकडे नमुना मागितला. मी हाताशी असलेले ३० सेकंदांचे मुद्रण दिले. त्याच्या ३००० ओळी होत्या. यंत्राने त्यातून अर्थ काढला : दोन रकाने, नावे ही, आणि ओळी ३०००च.

पुढचे मुद्रण ४७ सेकंदांचे होते. चाचणीत यंत्राने ते नाकारले; आकार जुळत नाही, असा निरोप आला. आमच्या एका विद्यार्थ्याने सद्हेतूने प्रत्येक मुद्रण ३० सेकंदांवर कापले. काम सुरळीत सुरू झाले. पंधरा दिवसांनी आलेख पाहताना मला जाणवले, की आजींच्या बोलण्यात प्रश्नच उरलेले नाहीत.

आपण बोलताना ‘का’ नेहमी म्हणतो असे नाही. ‘तू जेवलास’ आणि ‘तू जेवलास?’ यांतील शब्द सारखेच असतात. फरक शेवटी चढणाऱ्या सुरात असतो. कात्री नेमकी शेवटावर चालली होती. एका आजींनी गोष्टीच्या अखेरीस विचारले होते, ‘मग ती परत आली?’ आमच्या तक्त्यात ती परत आली होती.

दुसरी चूक याहून सूक्ष्म होती. क, त, प, स असे अघोष वर्ण उच्चारताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. तेथे पट्टी मोजताच येत नाही. तक्त्यात त्या जागी ‘संख्या नाही’ ही खूण येते. ती रिकामी दिसते म्हणून त्या ओळी गाळल्या गेल्या. त्यांबरोबर विरामही गेले आणि दोन ओळींमधील अंतर समान राहिले नाही. बोलण्यातले मौन हाही मजकूर असतो, हे आपण वर्गात शिकवतो. तक्त्यात मात्र विसरलो.

मग आम्ही सहकाऱ्यांसह बसून प्रकार नीट लिहिला. पहिली गोष्ट, वेळ कोणती? ती दिनांकाची वेळ असू शकते, किंवा मुद्रण सुरू झाल्यापासूनचा कालावधी. आम्हाला कालावधी हवा होता. मुद्रणाचा दिवस नोंदवहीत राहील. दुसरी, रकान्यांची संख्या आणि नावे पक्की; ती चालत्या कामात बदलता येत नाहीत. तिसरी, पट्टीच्या रकान्यात दशांश संख्या येतील आणि ‘संख्या नाही’ हेही चालेल. चौथी, ओळींची संख्या बदलती. तिला अमर्याद ठेवता येते, पण छोट्या यंत्राची स्मृती तोकडी असते. म्हणून वरची मर्यादा ठरवली ६०,००० ओळी, म्हणजे १० मिनिटे. त्याहून लांब गोष्ट आली तर ती विरामाच्या जागी तोडून दोन तक्ते करायचे, कापून टाकायची नाही.

सहकाऱ्यांनी मला विचारले होते, ‘सर, एखादा माणूस एका दमात किती वेळ बोलतो?’ हा प्रश्न अभियंत्याने विचारला, तरी त्याचे उत्तर आपल्याकडे असते. त्या वेळी मी ते न देता एक नमुना सरकवला.

मूळ मुद्रणे आम्ही जपली होती, म्हणून सर्व तक्ते पुन्हा करता आले. मूळ पुसले असते तर त्या आजींचा प्रश्न कायमचा गेला असता.

विद्यार्थी मित्रांना माझी विनंती एवढीच. भाषेची सामग्री यंत्राकडे सोपवण्याआधी कागदावर लिहा : काळ कोणता, रकाने कोणते, कशात काय मावते, आणि ओळी जास्तीत जास्त किती. नमुना देताना सर्वांत लांब बोलणारा आणि सर्वांत जास्त थांबणारा माणूस आठवा. कोणाचे किती ऐकायचे हे त्या चार ओळींत ठरते, आणि त्या लिहिणे आपले काम आहे.