पाया खणण्यापूर्वी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



महोत्सवात संस्थेचा गौरव करावा, ही रीत. तो आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. आम्ही पडलो शिक्षक. आम्हांला एक लहानसा धडा सांगावयाचा आहे. ट्रस्टच्या रस्त्याकडील जमिनीवर दुकानांचे गाळे बांधून, त्यांच्या भाड्यातून शिष्यवृत्त्या द्याव्यात, असा विचार चालू आहे. बेत उत्तम आहे. आमचे म्हणणे इतकेच की, पाया खणण्यापूर्वी त्या जमिनीची जाणत्या माणसांकडून एकदा पाहणी व्हावी.

कोणी विचारील, आदिलाबादेत असे काय पुरले आहे? जवळच्या जैनथचेच पाहा. परमार राजा जगद्देव याच्या काळचा, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा संस्कृत शिलालेख तेथे आहे. राजाचा अधिकारी लोलार्क याच्या पत्नीने, पद्मावतीने, मंदिर बांधविल्याचे तो सांगतो. तो दगड कोणी पायात चिणला असता, तर पद्मावतीचे नाव आज कोणास ठाऊक असते?

आपले जुने शेतकरी जमिनीच्या दोन जाती सांगतात: काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून ती पांढरी होते. पूर्वी ही माती खतासाठी बैलगाडीने नेत. तेव्हा एखादे खापर, एखादा मणी हाती लागे. आता यंत्र एका दिवसात टेकाड सपाट करते. एकदा आम्ही मुलांना घेऊन एका नव्या प्लॉटिंगवर गेलो. चरात जुन्या भाजक्या विटांची ओळ दिसली. मुले हरखून गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तो वर काँक्रीट पडलेले!

बांधकाम आणि इतिहास यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. नागार्जुनसागर धरणाखाली नागार्जुनकोंड्याचे खोरे, म्हणजे इक्ष्वाकू राजांची राजधानी, बुडणार होते. तेव्हा १९५४ ते १९६० पर्यंत तेथे मोठे उत्खनन झाले, आणि काही वास्तू उचलून उंचावर पुन्हा उभ्या केल्या. धरणही झाले, इतिहासही राहिला. लंडनमध्ये १९८९ साली कचेऱ्यांची इमारत बांधताना शेक्सपिअरच्या काळचे ‘रोझ’ नाट्यगृह सापडले. लोक रस्त्यावर आले; इमारतीचा आराखडा बदलून अवशेष राखले गेले. पुढच्याच वर्षी, १९९० साली, इंग्लंडात सरकारी धोरण आले: परवानगीपूर्वी जमीन तपासावी, आणि खर्च बांधणाऱ्याने सोसावा.

आपल्याकडे १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन, राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. परंतु ज्या जमिनीची कोठेच नोंद नाही, तिचे काय? तेथे मालकाची सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा.

पाहणी म्हणजे काही मोठे अवडंबर नव्हे. जुने नकाशे व दप्तरे पाहावीत, म्हाताऱ्यांना विचारावे, नांगरट झाल्यावर ओळीने चालत खापरे टिपावीत. शंका आली तरच दोनचार लहान चर खणावेत. राज्याच्या पुरातत्त्व खात्यास पत्र लिहावे. याच हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुरातत्त्व खाते निघाले आणि गुलाम यझदानीसाहेबांच्या हाताखाली अजिंठ्याची चित्रे जपली गेली, हे विसरू नये.

“काही निघाले तर काम अडेल” ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. काम एखादा हंगाम लांबेल, भाडे उशिरा येईल, एखाद्या गरजू मुलाची शिष्यवृत्ती मागे पडेल. ही झळ खरी आहे. म्हणूनच पाहणी आज करावी, कंत्राट दिल्यानंतर नव्हे. आज गाळ्यांची जागा कागदावर चार हात सरकवता येते. यंत्र आल्यावर ते साधणार नाही.

जमिनीचा पट्टा आपल्या नावे आहे. पण तिच्या पोटात जे असेल, ती मागच्यांची अमानत. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा, तो विश्वस्त. पन्नास वर्षे आपण पैशाची ठेव चोख सांभाळली. ही ठेवही तशीच सांभाळावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.