पंधराशे मीटर ते सातारा



मला तब्येतीवर दोन शब्द बोलायला सांगितलंय. समोर आपल्याच वर्गातले दोन डॉक्टर बसलेत, त्यामुळे त्यांचं काम मी करत नाही. फक्त साताऱ्याचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझी साखर काठावर आली. चालायला लागा, असं सांगण्यात आलं. आठवडाभर चाललो आणि सोडून दिलं. मग साताऱ्यात नोकरीला असलेल्या आपल्या एका मित्रानं मला न विचारता तिथल्या हिल हाफ मॅरेथॉनला माझं नाव घातलं, पैसेही भरले. २०१२ पासूनची ही शर्यत. एकवीस किलोमीटर. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेनं जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. हातात सात महिने होते.

पहिल्या दिवशी विजेच्या चार खांबांपर्यंत पळालो आणि गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिलो. शेजारचे काका म्हणाले, "काय रे, कुत्रं लागलं का मागं?" चूक एवढीच, की मी शाळेतल्यासारखा सुटलो होतो. मग दोन मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सुरू केलं. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. आठवड्यात तीनच दिवस, त्यात रविवारी लांबचं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचं ऊन माहितीच आहे, म्हणून साडेचारला उठायचो. चढाची तयारी मात्र अंबाजोगाईनं फुकटात करून दिली. मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरायचं आणि धापा टाकत वर यायचं.

जूनमध्ये पोटरी धरली. पंधरा दिवस घरी. नाद सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्या दिवसांत मोबाईलवर अविनाश साबळेच्या शर्यती बघत बसलो. आपल्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत, सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदानं. सातारा जिल्ह्यातल्या माणची ललिता बाबर याच प्रकारात २०१६ साली रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी धावली होती. आष्टी काय, माण काय, दोन्ही दुष्काळी तालुके. आणि शर्यत कोणती, तर पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारायची!

बर्मिंगहॅमची ती शेवटची फेरी बघताना मला आपली १९९१ ची जिल्ह्याची पंधराशे मीटर आठवली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं, माझ्या पोटात कळ आली म्हणून मी तिसऱ्या फेरीत बसलो. सर, आज तुम्ही समोर आहात म्हणून सांगतो, पोटात काही नव्हतं. पहिली फेरी सुसाट मारली, मग एकेक जण पुढं जायला लागला, ते बघवलं नाही. परतीच्या एसटीत तुम्ही मला लिंबू-साखर-मीठ पाजलंत. ते पिताना जी लाज वाटली, तिच्यामुळं पुन्हा मैदानाकडं फिरकलो नाही.

साताऱ्याला पाऊस होता. घाटात पहिल्यापासून लोक मला मागं टाकत होते, त्यात एक पिकलेल्या केसांच्या आजी. मी बघितलं आणि पळत राहिलो. दोन वळणं तर सरळ चाललो. मला वाटलं होतं, उतार म्हणजे सुट्टी. पण खरं दुखणं उतारालाच निघालं. मांड्या दगड झाल्या. चढाचा सराव केला होता, उताराला नुसताच गप्पा मारत उतरायचो, त्याची शिक्षा. दोन तास बावन्न मिनिटांनी पोहोचलो. पुढचे तीन दिवस जिना उलटा उतरत होतो, बायकोनं त्याचा व्हिडिओ काढून आपल्या ग्रुपवर टाकला तो तुम्ही पाहिलाच आहे.

साखर उतरलीय, गोळी लागलेली नाही. पुढच्या वर्षीचं नाव या वेळी मीच घातलंय.

उद्या सकाळी मुक्कामी असलेल्यांनी साडेपाचला शाळेच्या फाटकाशी यावं. मुकुंदराजांपर्यंत जाऊ, चालत-पळत, गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं. सर, तुम्ही रिक्षातून या, शिट्टी मात्र आणा. परतल्यावर चहा-पोहे माझ्या घरी.