पेंचचे पाणी : उद्दिष्टे अनेक, नदी एकच



‘बहुउद्देशीय प्रकल्प’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यातील पेच सहसा ध्यानी येत नाही. पूर अडवावयाचा तर धरणात जागा रिकामी हवी. वीज निर्माण करावयाची तर पाण्याची पातळी उंच हवी. शेताला पाणी हंगामात हवे, शहराला ते बारा महिने हवे. ही सारी उद्दिष्टे एकाच जलाशयावर सोपविली की, त्यांचा मेळ घालण्याचे काम निसर्ग करीत नाही. ते माणसालाच करावे लागते. आपला पेंच प्रकल्प हे त्याचे जवळचे उदाहरण होय.

सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावणारी पेंच नदी दक्षिणेकडे वाहत येऊन कामठीजवळ कन्हानला मिळते. रामटेक तालुक्यात, दोन राज्यांच्या सीमेवर, तोतलाडोह येथे ती अडविण्यात आली. हे धरण १९८९ साली पूर्ण झाले. येथील जलविद्युत केंद्रात ८० मेगावॅटचे दोन संच असून, विजेचा दोन तृतीयांश वाटा मध्य प्रदेशाचा व एक तृतीयांश महाराष्ट्राचा आहे. जनित्र फिरविल्याने पाणी संपत नाही. ते खाली नवेगाव खैरीच्या जलाशयात येऊन थांबते आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतीकडे, तसेच नागपूर शहराकडे व कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांकडे जाते. एकाच पाण्याकडून दोन वेळा काम करवून घेणारी ही योजना खरोखरच कौतुकास्पद आहे.

परंतु पाणी दोनदा वापरता आले, तरी ते दुप्पट होत नाही. अंबाझरी, गोरेवाडा आणि कन्हान यांच्यामागून नागपूरची तहान पेंचवर विसावली. पुढे नदीच्या वरच्या अंगास मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाले आणि तोतलाडोहात येणारा ओघ घटला. पाऊस लांबलेल्या जुलै २०१९ मध्ये तोतलाडोहच्या मृत साठ्याला हात घालावा लागला आणि नागपुरात आठवड्यातील काही दिवस नळ बंद ठेवण्याची पाळी आली. त्याच वर्षी सप्टेंबरात याच धरणाचे दरवाजे उघडावे लागले! टंचाई आणि विसर्ग यांत अवघ्या दोन महिन्यांचे अंतर! धरण ही पावसाची हमी नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

आता पर्यावरणाचा विचार करू. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झालेले पेंचचे अरण्य या जलाशयाला लागून आहे. जलाशयाने दरीचा तळ, म्हणजे नदीकाठची सुपीक जमीन व दाट झाडी, गिळली. दुसरीकडे, उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या काठावर कोवळे गवत येते, चितळ व गवे तेथे चरावयास येतात आणि त्यांच्यामागून वाघही येतो. जलाशय पाणपक्ष्यांनाही आसरा देतो. म्हणजे हानी आणि लाभ दोन्ही खरे आहेत. मात्र एकाने दुसऱ्याची भरपाई झाली, असे म्हणता येत नाही. खैरीच्या खाली तर पावसाळा सरला की पात्रातील वाहते पाणी क्षीण होते. नदीलाही पाण्याचा वाटा लागतो, हे आपल्या हिशेबात उशिरा आले.

माणसांचा प्रश्नही यातच गुंतलेला आहे. उद्यानाच्या क्षेत्रातून उठविलेल्या आदिवासींना तोतलाडोह जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने मध्य प्रदेश शासनाने दिले, तेव्हा तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९७ साली न्यायालयाने वन्यजीवांचे रक्षण आणि या कुटुंबांची उपजीविका या दोहोंचा विचार करून, कडक अटींवर परवाने कायम ठेवले. अरण्य राखावयाचे म्हणून अरण्यवासीयांची भाकरी विसरता येत नाही, हाच त्याचा मथितार्थ होय.

शेवटी, शहराच्या कर्तव्याविषयी. नागपूरने घेतलेले स्वच्छ पाणी मलिन होऊन नाग नदीत उतरते. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. आणि तेथे, १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाच्या जलाशयात ती घाण साठते. एका धरणाचे पाणी आपण दुसऱ्या धरणात असे परत करतो! भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याचा उपक्रम म्हणूनच मोलाचा आहे. जेवढे सांडपाणी शुद्ध होऊन उद्योगाच्या कामी येईल, तेवढे पेंचचे पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यासाठी उरेल आणि तेवढीच वैनगंगा निर्मळ राहील.

धरण बांधणे हे अभियंत्यांचे कार्य होते. ते त्यांनी पार पाडले. त्या पाण्याची न्याय्य वाटणी करणे आणि ते शुद्ध करून नदीला परत देणे, हे मात्र आपणा सर्वांचे कार्य आहे. आणि ते दरवर्षी नव्याने करावयाचे आहे.